दिवा न लावणाऱ्याचा गौरव

बागेतल्या दिव्याच्या झाकणाखाली गांधीलमाश्यांनी पोळं बांधलं की शहाणा माणूस काठीला फडकं गुंडाळतो, रॉकेलमध्ये बुडवतो आणि पेटवतो. हात पोचत नसेल तर झुरळांवरचा फवारा आणून डबा रिकामा करतो. मूर्ख माणूस दिव्याचं बटण बंद ठेवतो आणि पाहुण्यांना टॉर्च घेऊन फाटकापर्यंत सोडायला जातो. शेजारी त्याला हसतात. मला या मूर्खाचा मनापासून गौरव करायचा आहे.

त्याचा पहिला गुण, हात उचलण्याआधी तो बघतो. नळाच्या तोंडाशी किंवा दिव्याच्या खोक्यात चिखलाचा गोळा दिसला, की बहुधा ते कुंभारणीचं, म्हणजे चिखलाचं घरटं बांधणाऱ्या गांधीलमाशीचं काम असतं. ती एकटी राहते. तिच्यामागे राणी नाही, फौज नाही, म्हणून ती घरासाठी सहसा अंगावर धावून येत नाही. कुणी इवल्या मडक्यात अळ्या भरते, कुणी लांबट खोल्यांत कोळी. डंख मारून त्यांना लुळं करते, म्हणजे अंड्यातून निघणाऱ्या पिल्लाला ताजं अन्न मिळतं. पानं खाणाऱ्या या अळ्यांसाठीच शहाणा माणूस दुकानातून औषध आणतो. जुन्या भ्रमर-कीटक न्यायात भ्रमराने घरट्यात आणलेल्या किड्याचा त्याच्या ध्यासाने भ्रमर होतो. प्रत्यक्षात ती अळी पिल्लाचं जेवण होते, आणि हे कळलं ते घरट्याजवळ बसून राहणाऱ्या वेड्यांमुळे.

असंच एक वेड बंगळूरला फळाला आलं. तिथल्या सेंट्रल कॉलेजच्या खिडक्यांवर गांधीलमाश्यांची पोळी होती. राघवेंद्र गदगकर विद्यार्थी असताना त्यांच्याकडे बघत राहिले, आणि पुढे भारतीय विज्ञान संस्थेत त्यांनी याच माश्यांचा कित्येक दशकं अभ्यास केला. त्यांचा ग्रंथ २००१ साली हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनाने काढला. या माश्यांची राणी कमालीची शांत असते. तिला पोळ्यावरून दूर केलं की काही मिनिटांतच एक कामकरी माशी विलक्षण आक्रमक होते, आणि पुढची राणी तीच होते. त्या खिडक्या कुणी वेळेवर ‘साफ’ केल्या असत्या तर?

मूर्खाचा दुसरा गुण, त्याला नुकसान मोजता येतं. गुलाबाच्या पानांवर कातरीने कापल्यासारखे गोल तुकडे गेलेले दिसले, तर ते पानं कापणारी मधमाशी घेऊन गेलेली असते. न वापरलेल्या पाइपात ती त्यांच्या पुड्या करून पिल्लांसाठी परागकण ठेवते. मांडवाच्या बांबूला भोक पाडणारा काळा भुंगाच वांग्याच्या फुलावर बसून अंग थरथरवतो, तेव्हा फुलाच्या पुंकेसरांतले परागकण बाहेर पडतात. चार पानं आणि एक बांबू देऊन एवढं मिळत असेल, तर सौदा मूर्खाचाच चांगला आहे.

हा मूर्खपणा म्हणजे बेफिकिरी नव्हे. घरात कुणाला डंखाची अ‍ॅलर्जी असेल, मुलांच्या झोपाळ्यावरच पोळं असेल किंवा झाडाला आग्या मोहोळ लागलं असेल, तर जाणकाराला बोलवावंच. मीटरच्या पेटीत सातेरी मधमाश्या शिरल्या असतील, तर मधपाळ त्यांना लाकडी पेटीत हलवू शकतो. मधमाशीपालन शिकवणारी केंद्रीय संस्था पुण्यात १९६२पासून आहे. पेटता बोळा मात्र विजेच्या तारांजवळ कधीच नेऊ नये, त्यात माश्यांआधी घर जळायचं. पाइपाच्या उघड्या तोंडाला बारीक जाळी आधीच बांधली, तर पुढचा प्रश्नच उरत नाही. आणि चिखलाच्या घरट्याला गोल भोक पडलेलं दिसलं, म्हणजे पिल्लू उडून गेलं. तेव्हा ते खुशाल खरवडून काढा.

तोवर वाट बघा. कुंभारणीचा संसार काही आठवड्यांत आटोपतो. तेवढे दिवस तो दिवा लावू नका, तो नळ सोडू नका, आणि कुणी वेड्यात काढलं तर काढू द्या.