फ्लॅटमधून कोणी उचलत नाही

हाउसिंग सोसायटीच्या गेटमधून आत जायचं तर एकच अट असते: ज्याच्याकडे जायचं तो घरी पाहिजे. कुरिअरवाला, मेव्हणा, विमा एजंट, सगळ्यांना ही अट चालते. अडते ती फक्त मांजराला खायला घालायला येणारी मुलगी. कारण घरची माणसं बाहेर पडल्याशिवाय तिचं कामच सुरू होत नाही.

गणपतीत ठाण्याला घोडबंदर रोडवरच्या कुठल्याही मोठ्या संकुलाच्या गेटवर जरा वेळ थांबा. चाकरमानी कोकणच्या वाटेवर आहेत. सातव्या मजल्यावरच्या भाडेकरूंनी मनीला प्रवासाचा त्रास नको म्हणून घरीच ठेवलंय आणि सकाळ-संध्याकाळसाठी एक कॅट सिटर लावलीय. किल्ली तिच्याकडे, पैसे आगाऊ दिलेले. मुलगी गेटवर येते.

"कोणाकडे?"

"सातशे तीन."

गार्ड इंटरकॉम लावतो. वर बंद हॉलमध्ये घंटी वाजते. मनी कान टवकारते आणि सोफ्याखाली जाऊन बसते.

"ताई, फ्लॅटमधून कोणी उचलत नाही."

"नाहीच उचलणार. ते गावाला गेलेत, म्हणून तर मी आलेय."

"पण कोणी उचलल्याशिवाय सोडता येत नाही."

गार्डला बोल लावण्यात अर्थ नाही. बारा तास उभं राहायचं, आणि भलता माणूस आत गेला तर कापला जाणार तो त्याचाच पगार. त्याच्यापुढे रजिस्टर असतं: नाव, मोबाइल, गाडी नंबर, कोणाकडे, काम. 'कोणाकडे'च्या रकान्यात त्याने खरं ते लिहिलं, म्हणजे 'मांजर', तर सेक्रेटरी भडकतात. भाडेकरूचं नाव लिहावं, तर तो घरात नाही.

म्हणून हल्ली ॲप असतं. विनंती थेट भाडेकरूच्या मोबाइलवर जाते, त्याने होकाराचं बटण दाबलं की झालं. आता भाडेकरू कोकण रेल्वेत आणि गाडी रत्नागिरीच्या अलीकडे कर्बुड्याच्या बोगद्यात. बोगदा साडेसहा किलोमीटरचा. गाडी उजेडात येते तेव्हा मोबाइलवर एवढंच दिसतं की विनंतीची मुदत संपली. आधीच पास काढून ठेवता येतो म्हणतात. पण पाहुणी, डिलिव्हरी, कॅब की मोलकरीण, यातली ही मुलगी कोण, ते ॲपला अजून ठरवता आलेलं नाही.

मग प्रकरण कमिटीकडे जातं. सेक्रेटरी शांतपणे सांगतात, "भाडेकरूच्या सांगण्यावरून नाही जमणार. मालकाचं पत्र लागेल." भाडेकरूचा लिव्ह अँड लायसन्स करार नोंदणीकृत आहे, अंगठ्याचे ठसे सरकारकडे आहेत, फोटो पोलीस ठाण्यात आहे. राज्य शासनाचा त्याच्यावर विश्वास बसला, सेक्रेटरींचा बसायचाय. मालक न्यू जर्सीत असतात. इथे सकाळचे अकरा म्हणजे तिथे रात्रीचा दीड. शेजारच्या काकू मदत करू शकल्या असत्या, पण त्या मनीच्या विरोधी पक्षात आहेत.

आता कायदा पाहू. भारतीय पशुकल्याण मंडळाने २०१५ साली मार्गदर्शक सूचना काढून सोसायट्यांना बजावलं की रहिवाशांना प्राणी पाळायला मनाई करता येणार नाही. कमिटीने सूचना मान्य केल्या. मांजर पाळायला कुणाचीच ना नाही, ते जेवलं पाहिजे असं मात्र त्यात स्पष्ट लिहिलेलं नाही, असं कमिटीचं वाचन असावं. ते जेवणाचं कलम प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या कायद्यात आहे. पाळलेल्या प्राण्याला पुरेसं अन्न-पाणी न देणं हा गुन्हा. पहिल्या गुन्ह्याला दंड १० ते ५० रुपये. पण गुन्हेगार कोण, तर प्राण्याचा धनी. अन्न घेऊन आलेल्या मुलीला गेटवर अडवणारी कमिटी नामानिराळी. महाराष्ट्राचा सहकारी संस्था अधिनियमही १९६० चाच. वयाने सारखेच, पण सोसायटीत वट कोणाची, ते गेटवर कळतं.

आणि हा काही नुसता मांजराच्या लाडांचा प्रश्न नाही. मांजर, त्यातही गुबगुबीत मांजर, काही दिवस उपाशी राहिलं तर त्याच्या यकृतात चरबी साचते आणि जिवावर बेततं. कमिटीची पुढची बैठक महिन्याच्या दुसऱ्या रविवारी.

अखेर मुलीनेच युक्ती काढली. दुसऱ्या दिवशी पाठीवर चौकोनी बॅग, डोक्यावर टोपी, हातात मांजराच्या खाण्याचं पाकीट. गेटपाशी न थांबता म्हणाली, "डिलिव्हरी." गार्डने मान वर न करता दांडा उचलला. घराची किल्ली जिच्याकडे सोपवली होती ती ओळखीची मुलगी आदल्या दिवशी तासभर उन्हात उभी होती. आज कोण आत गेलं, ते सोसायटीत कोणालाच माहीत नाही. सुरक्षेसाठी दरमहा मेंटेनन्स भरणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा एकदा वाचावं.

तेव्हा अध्यक्ष महोदय, पुढच्या सभेत वर्गणीचा विषय संपला की एवढा एक ठराव घ्या. भाडेकरूने निघण्याआधी सिटरचं नाव, फोटो आणि तारखा लेखी दिल्या, तर त्या तारखांना तिला गेटवर नोंद करून सोडावं. फोन लागला नाही म्हणून परत पाठवू नये. सूचक आणि अनुमोदक आम्ही देतो. चहा-बिस्किटं येण्याआधी मंजूर होईल.