पिशवीत काय आहे?

माझ्या मावशीला जिन्यात गाठून कुणी "कशा आहात?" असं विचारलं, तर उत्तर लगेच येत नाही. तिची नजर आधी समोरच्याच्या हातांवर जाते. "पिशवीत काय आहे?" हा तिचा पहिला प्रश्न. मग कुठून आणलं, केवढ्याला पडलं, आणि शेवटी "एवढं कशाला? दोनच तर माणसं आहात" हा निकाल. जकात केव्हाच बंद झाली, पण मावशीच्या जिन्यातला नाका चालू आहे. कुरिअरवाला, सिलिंडरवाला, सोसायटीचे सेक्रेटरी, मतदारयादी घेऊन आलेल्या बाई, कुणालाही तिथून फुकट जाता येत नाही.

याला वळण म्हणावं तर ते नोकरीतलं आहे. मावशी पुण्याच्या टेलिफोन खात्यात ट्रंक कॉल जोडायची. लोकांचं बोलणं ऐकायचं नाही असा नियम होता. मावशी म्हणते, "ऐकत नव्हतेच मी. कानावर पडायचं." तीन-तीन मिनिटांत कानावर पडलेल्या सोयरिकी, वाटण्या आणि भांडणं पुढे नेमकी कुठे पोचली, याची रुखरुख तिला निवृत्तीनंतरही आहे.

अशा बाईच्या हाती २०२० च्या लॉकडाउनमध्ये 'डेक्स्टर' लागली. चूक माझीच. जिना ओस पडला होता, विचारायला माणूस उरला नव्हता आणि मावशी दिवसेंदिवस सुकत चालली होती. 'सीआयडी'चे भाग तिला इतके पाठ झाले होते की, त्यातला इन्स्पेक्टर दया दार तोडायच्या आत ती आतल्या माणसाचं नाव सांगायची. मग मी तिच्या टीव्हीवर ही मालिका लावून दिली आणि म्हटलं, "पोलिसांचंच आहे. अमेरिकेतलं. बघ."

तिथे पोलीस आहेत, हे खोटं नाही. मायामी शहर. डेक्स्टर मॉर्गन हा पोलिसांचा रक्ततज्ज्ञ. भिंतीवरचे रक्ताचे शिंतोडे बघून घाव कुठून आणि कसा बसला ते सांगणारा. दिवसा हे काम, आणि रात्री कायद्याच्या हातून निसटलेल्या खुन्यांचे स्वतःच खून पाडायचे. त्याला लहानपणी दत्तक घेणारा बाप हॅरी स्वतः पोलीस. पोराच्या अंगातली खुमखुमी जात नाही हे ओळखून त्याने तिला नियमावली घालून दिली. त्यातला मुख्य नियम, सापडायचं नाही. बहीण डेब्रा, तीही पोलिसात. शिवाय प्रेयसी, मग बायको झालेली रीटा आणि तिची दोन मुलं. १ ऑक्टोबर २००६ ला शोटाइम वाहिनीवर सुरू झालेली ही मालिका २०१३ पर्यंत आठ सीझन चालली. एकूण ९६ भाग. मावशीने ते सव्वा महिन्यात उरकले, मधल्या दोन एकादश्या सोडून.

माणसं खुनाची मालिका खुनासाठी बघतात. मावशीने ती घरासाठी बघितली. टेबलावर प्लास्टिकने गुंडाळलेला माणूस आणि त्याच्यावर उगारलेला सुरा दिसला की ती कुकरची शिट्टी मोजायला उठायची. रीटाच्या स्वयंपाकघरात दृश्य आलं की परत येऊन बसायची.

सुरुवातीचं शीर्षकदृश्य मात्र तिने एकदाही पुढे ढकललं नाही. एका माणसाची साधी सकाळ. डास मारतो, दाढी करतो, अंडं तळतो, संत्र्याचा रस काढतो, बुटाची नाडी आवळतो. कॅमेरा इतक्या जवळ जातो की नाडी गळ्याभोवती आवळल्यासारखी वाटते. या शीर्षकदृश्याला २००७ मध्ये एमी पुरस्कार मिळाला. मावशीचं परीक्षण एवढंच : "डास मारला ते बरं केलं. पण रक्ताचा तज्ज्ञ म्हणवतो आणि दाढी करताना कापून घेतो?"

तिचे आक्षेप मी तेव्हा वहीत टिपून ठेवले होते. त्यातले काही जसेच्या तसे देतो.

पहिला, डोनटविषयी. डेक्स्टर कचेरीत जाताना सगळ्यांसाठी डोनटचा खोका घेऊन जातो. "आमच्या एक्स्चेंजमध्ये जो विनाकारण पेढे वाटायचा, त्याच्या रजेच्या अर्जात हमखास काहीतरी असायचं. खाऊ दिसला की बाकीच्यांनी डोळे मिटले. मी असते तर आधी विचारलं असतं, पेढे कशाचे?"

दुसरा, एसीविषयी. प्रत्येक बळीच्या रक्ताचा थेंब काचपट्टीवर घेऊन डेक्स्टर त्या पट्ट्यांची पेटी घरातल्या एसीच्या आत लपवतो. यावर मावशी खरोखर चिडली. "म्हणजे इतक्या वर्षांत एसीचं सर्व्हिसिंग नाही? दिवाळीची झाडलोट नाही? आपल्याकडे माळ्यावरचं पितळी घंगाळसुद्धा वर्षातून एकदा खाली येतं. लक्ष्मीपूजनाच्या आदल्या दिवशी सापडला असता मेला."

तिसरा, प्लास्टिकविषयी. दर खुनाला खोलीभर प्लास्टिक अंथरायचं, वर काळ्या कचऱ्याच्या पिशव्या, आणि त्या होडीतून नेऊन समुद्रात टाकायच्या. "आपल्याकडे २०१८ पासून बंदी आहे. मी भाजीला कापडी पिशवी नेते. याला कुणी दंड करत नाही?" खुनाची शिक्षा तिच्या हिशेबात नंतरची.

चौथा, बापाविषयी. हॅरी वारलेला असूनही डेक्स्टरला दिसतो, शेजारी उभा राहून सल्ले देतो. समीक्षकांना त्यात अंतर्मन वगैरे दिसलं. मावशीने हातातली शेंग मोडता मोडता निदान केलं, "श्राद्ध राहिलंय."

डेब्रावर तिचा जीव होता. पोरगी कामाची, सरळ, भावासाठी जीव टाकणारी, फक्त तोंड फार घाण. पडद्याखालच्या इंग्रजी ओळी वाचताना मावशी ते शब्द मनात गाळून घ्यायची, त्यामुळे तिला डेब्राचे निम्मे संवाद कळले नाहीत. पण डेक्स्टर आणि डेब्रा ही कामं करणारे मायकेल सी. हॉल आणि जेनिफर कार्पेंटर यांनी २००८ च्या अखेरीस खरोखरच लग्न केलं, आणि पुढे काडीमोड घेऊनही बहीणभाऊ म्हणून कामं करत राहिले, हे मी तिला सांगून बसलो. ती बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भाऊबीजेला काय करत असतील?"

तिला फोन करायला काळवेळ लागत नाही. मी दुसऱ्या सीझनमध्ये रेंगाळत होतो तेव्हा एकदा पहाटे सहाला तिचा फोन आला. आवाज दाटलेला. "अरे, रीटा गेली रे." मी ताडकन उठून बसलो आणि झोपेत म्हणालो, "रीटा गेली? कशी?" शेजारून बायकोचा आवाज आला, "कोण रीटा?" चौथ्या सीझनचा शेवट, ज्यावर अख्खं जग हळहळलं, मला असा कळला. माझ्या बायकोची मात्र अजून पूर्ण खात्री पटलेली नाही.

त्याच चौथ्या सीझनमध्ये मावशीचा सगळ्यांत लाडका खुनी आहे. लाडका म्हणजे अभ्यासाला. आर्थर मिचेल ऊर्फ ट्रिनिटी. हे काम केलं जॉन लिथगोने आणि त्याबद्दल त्याला २०१० मध्ये एमी मिळालं. हा मिचेल चर्चमध्ये मान असलेला, बेघरांसाठी घरं बांधणारा, बायकापोरांत रमलेला दिसणारा आणि कैक वर्षं माणसं मारत आलेला. संसार आणि खून दोन्ही कसं सांभाळायचं, हे शिकायला डेक्स्टर खोटं नाव घेऊन त्याच्या घरी जातो. थँक्सगिव्हिंगच्या जेवणाला टेबलाभोवती सगळे बसलेत, आणि बघता बघता त्या सुखी घराचा मुलामा उडतो. मुलाचा बांध फुटतो आणि बापाचे हात त्याच्या गळ्याशी जातात.

हा प्रसंग मावशीने मला शेजारी बसवून तीनदा दाखवला. मी लिथगोकडे बघत होतो. तिने रिमोट माझ्या गुडघ्यावर आपटला. "त्याच्याकडे काय बघतोस? बायकोकडे बघ. पोरांकडे बघ. यांना काय आहे ते माहीत नाही, पण काहीतरी आहे हे माहीत आहे. आणि विचारायचं नसतं हेही माहीत आहे." मग टीव्ही थांबवून तिने मला आयुष्याचं सूत्र सांगितलं, "घरचा माणूस कधी विचारत नाही रे. घर मोडेल म्हणून विचारत नाही. विचारायला शेजारीच लागतो. मायामीला सगळं आहे, शेजारी नाही."

मी हसलो. ती हसली नाही. मावशीचं लग्न १९७५ सालचं. संसार थाटला पुण्यात, आणि जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्याच पुण्यात दहा खून झाले. जोशी-अभ्यंकर खून खटला म्हणून ते प्रकरण ओळखलं जातं. खुनी निघाले अभिनव कला महाविद्यालयाचे चार विद्यार्थी. २७ नोव्हेंबर १९८३ ला येरवड्यात त्यांना फाशी झाली. त्या खुनांच्या दिवसांत पुणं संध्याकाळी लवकर दारं लावून घ्यायचं. मावशी आतून विचारायची, "कोण?" नवरा असला तरी पूर्ण नाव सांगायला लावायची. काका गमतीने आडनाव चुकवायचे आणि जिन्यात उभे राहायचे. त्या खटल्यावरचा 'माफीचा साक्षीदार' हा सिनेमा १९८६ मध्ये आला, तो तिने आजवर पाहिलेला नाही. त्या विषयावर ती विनोद करत नाही, करू देत नाही. फक्त कडी लावताना एकदा ओढून बघते.

मालिकेच्या शेवटावर मात्र तिने दया दाखवली. आठव्या सीझनअखेर डेक्स्टर वादळात होडी घालतो आणि भलतीकडेच लाकूडतोड्या होऊन बसतो. चाहत्यांनी लेखकांना शिव्या घातल्या. २०२१ मध्ये तो बर्फाळ गावातल्या नव्या मालिकेत परत आला आणि शेवटी पोटच्या पोराने त्याला गोळी घातली. संपलं म्हणावं, तर २०२४ मध्ये त्याच्या तरुणपणाची मालिका निघाली आणि २०२५ मध्ये हा गोळी लागलेला माणूस कोमातून उठला. मावशीला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "आपल्या साडेसातच्या मालिकेत नायिका दरीत पडून परत आली की तुम्ही नाकं मुरडता. गोऱ्यांनी केलं की त्याला सीझन म्हणायचं."

आता खऱ्या गुन्ह्याकडे येतो.

२०२२ च्या आषाढाची गोष्ट. दोन वर्षांच्या खंडानंतर वारी पायी निघाली होती. मावशीच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी माळकरी, त्या आळंदीहून पालखीबरोबर गेल्या. घरी त्यांचे यजमान एकटे. एका रात्री अकराला मावशीला जिन्यात चपला न वाजवता उतरणारी पावलं ऐकू आली. ती बाहेर आली. गृहस्थांच्या हातात काळी पिशवी. सोसायटीत ओल्या कचऱ्याचा डबा असताना ते फाटकाकडे निघाले होते.

"पिशवीत काय आहे?"

गृहस्थ जागीच गोठले. पिशवीच्या कोपऱ्यातून काहीतरी तांबूस पायरीवर ठिबकत होतं. मावशीने बॅटरी मारली. पिशवीत हाडं होती.

मावशी ओरडली नाही. टेलिफोन खात्यातली बाई ती, तिने आधी माहिती घेतली. "कुठून आणलं? केवढ्याला किलो? एवढं कशाला, एकटेच तर आहात." गृहस्थांनी सगळं कबूल केलं. तीस वर्षांचा संसार, घरात लसूणसुद्धा मोजून, वर्षातून एकदा आखाडात संधी मिळते, मटण स्वतःच शिजवतो. मग हात जोडले, "हिला सांगू नका."

वहिनी पंढरपूरहून आल्या. मावशीला बुक्का लावला, हातावर चुरमुऱ्यांचा प्रसाद ठेवला आणि विचारलं, "मी नव्हते तेव्हा यांचं ठीक होतं ना?"

"अगदी ठीक," मावशी म्हणाली. "लवकर झोपायचे."

हे तिने मला सांगितलं तेव्हा मी तिला पकडलं. भावाचं सगळं कळूनही डेब्रा त्याला पाठीशी घालते, म्हणून सातव्या सीझनमध्ये हिनेच तिला किती बोल लावले होते! मावशीने शांतपणे चष्मा पुसला. "ती पोलिसात होती. मी शेजारी आहे. शेजाऱ्याने विचारायचं असतं, सांगायचं नसतं."

गेल्या आखाडात मी तिच्याकडे गेलो होतो. मावशी जन्माची शाकाहारी, चातुर्मासात कांदासुद्धा वर्ज्य. ओट्यावर एक स्टीलचा डबा होता, तिच्या घरातला नव्हे. झाकणाला कडेने लाल तर्री लागलेली, आणि स्वयंपाकघरात भाजलेल्या खोबऱ्याचा न् गरम मसाल्याचा जो वास दरवळत होता, तो वरणाचा नव्हता. मावशीने डब्यावर हळूच फडकं टाकलं आणि मला विचारलं, "चहा घेणार ना?"

मी हो म्हणालो. डब्याचं काही विचारलं नाही. मी घरचा माणूस आहे.