लीडर

बे एरियातल्या प्रत्येक मराठी घोळक्यात एक लीडर असतो. त्याला कोणी निवडून दिलेलं नसतं. कॉलेजात असताना त्याने हरिश्चंद्रगड, रतनगड, राजमाची केलेले असतात, आणि ट्रेकला पुढे चालणाऱ्याचा तो मान तो चेक-इन बॅगेत घालून थेट सनीव्हेलला घेऊन आलेला असतो. वय पन्नाशीच्या अलीकडे, गुडघे पलीकडे. नोकरी कसल्याशा क्लाउडमधली. एप्रिल लागला की त्याचा ग्रुपवर मेसेज पडतो, ‘मंडळी, जुलैत लॅसन. कोण कोण?’ आणि कोणी हो म्हणायच्या आत एक एक्सेल शीटही येऊन पडतं. त्यात माणसं, तंबू, गाड्या आणि कांदे असे रकाने असतात. कांद्यांना दोन रकाने: चिरलेले आणि अख्खे.

लॅसन व्होल्कॅनिक नॅशनल पार्क म्हणजे कॅलिफोर्नियाच्या उत्तरेला, बे एरियापासून पाच-सहा तासांवर असलेला ज्वालामुखींचा मुलूख. लॅसन पीक १९१४ साली खडबडून जागं झालं, मे १९१५ मध्ये त्याने मोठा स्फोट केला आणि १९१६ साली तिथे राष्ट्रीय उद्यान झालं. उद्यानात रीतसर नळ असलेली कॅम्पग्राउंडं आहेत. लीडर त्यांना कॅम्पग्राउंड मानत नाही. त्याला हवं असायचं ते आग्नेय कोपऱ्यातलं जूनिपर लेक. चेस्टर गाव सोडलं की पुढे खडबडीत कच्चा रस्ता, तळ्याकाठी अठरा जागा, प्यायचं पाणी नाही, वीज नाही, संडास खड्ड्याचा. ‘ह्याला म्हणतात कॅम्पिंग,’ असं म्हणून लीडर गाडी भरायला घेतो.

काहीही नसलेल्या जागी राहायला काय काय लागतं, हे ती गाडी पाहिल्याशिवाय कळत नाही. दोन शेगड्यांचा गॅस, तवा, पोळपाट-लाटणं, घडीचं टेबल, घडीच्या खुर्च्या, हवा भरायची गादी, ती भरायचा पंप, पंपाची बॅटरी, पाण्याचे पाच-पाच गॅलनचे कॅन, कूलरमध्ये श्रीखंड, आणि झाडांना लावायला दिव्यांची माळ. ‘घर भाड्याने देऊन निघालोय का आपण?’ असं वहिनी दरवर्षी विचारतात. लीडर गादी कोंबता कोंबता सांगतो, ‘हरिश्चंद्रगडाच्या गुहेत आम्ही एका चादरीवर चौघं झोपायचो.’

कॅम्पग्राउंडच्या तोंडाशी एक लोखंडी नळकांडं रोवलेलं असायचं. भाड्याचे पैसे रोख, पाकिटात घालून त्यात टाकायचे. त्याला आयर्न रेंजर म्हणतात. भाजीपासून शेअरपर्यंत सगळं फोनवर घेणारे आमचे गडी तिथे एकमेकांचे खिसे चाचपत उभे राहायचे. शेवटी नोटा निघायच्या त्या वहिनींच्या पर्समधून, फ्रीमाँटच्या देवळात दक्षिणेसाठी राखून ठेवलेल्या.

लीडरचा एक हळवा कोपरा म्हणजे उंची. जूनिपर लेक सुमारे २,०७० मीटरवर आहे. कळसूबाई १,६४६. म्हणजे आपल्या महाराष्ट्राचं सर्वोच्च शिखर या तंबूच्या खुंटीपेक्षा चांगलं चारशे मीटर खाली. एका नवख्या जावयाने हे फोनवर पाहून मोठ्याने सांगितलं, तेव्हा लीडर क्षणभर गप्प झाला. मग म्हणाला, ‘कळसूबाईला पायांनी जातात. इथे आपण एसयूव्हीने आलोय.’ मुद्दा बिनतोड होता.

पण त्या उंचीने सूड घेतला तो डाळीवर. तिथे पाणी ९३ अंशांच्या आसपासच उकळतं. उकळतं झोकात, शिजवत मात्र काही नाही. एका वर्षी लीडरने तत्त्वासाठी कुकर घरी ठेवला, ‘गडावर कुठे होता कुकर?’ संध्याकाळी सहाला तूरडाळ उघड्या पातेल्यात चढली. सातला ती पिवळ्या पाण्यात खडखडत होती. आठला लीडरने एक दाणा दोन बोटांत चिरडून पाहिला. दाण्याने दाद दिली नाही. गॅसची दुसरी टाकी लागली. पोरांनी चिवडा खाल्ला, नंतर मोठ्यांनीही खाल्ला, आणि तो दगडी वरणभात ‘अल देन्ते’ आहे असं एका मुलीने सांगितलं तेव्हा वहिनी जेवण सोडून हसायला उठल्या.

पुढल्या वर्षी कुकर आला. दहानंतर आवाज बंद, हा कॅम्पग्राउंडचा नियम. आमच्या कुकरची पहिली शिट्टी दहाला पाच कमी असताना झाली. पाइन-फरच्या त्या काळ्याकुट्ट जंगलात ती काय घुमली! चार तंबूंत टॉर्च पेटले. शेजारच्या एक बाई जॅकेट चढवून बाहेर आल्या आणि काळजीने म्हणाल्या, जमिनीतून कुठे वाफ फुटलीय का? ज्वालामुखीच्या उद्यानात हा प्रश्न अगदी रास्त होता. लीडर शिट्टीवर फडकं धरून म्हणाला, ‘नो, नो, दाल.’

दुसरी अडचण अस्वलाची. लॅसनमध्ये काळी अस्वलं आहेत, म्हणून खाण्याचं जे जे ते रात्री लोखंडी पेटीत बंद करायचं. टूथपेस्टसुद्धा. प्रत्येक जागेला मिळणारी पेटी काय मापाची असते कोण जाणे. चकल्यांचे तीन डबे, ठेचा, लोणचं, भाकऱ्या आणि आठवडाभराचे पोहे यांच्या मापाची नक्कीच नसते. लीडर रात्री त्या पेटीपुढे गुडघ्यावर बसून डबे असे लावतो, तसे लावतो, शेवटी एक बरणी हातात उरतेच. ठेच्याची. ‘ठेचा बाहेर राहिला तर काय होईल?’ जावई विचारतो. लीडर गंभीरपणे म्हणतो, ‘अस्वलाचं वाईट होईल.’

भूगोलात मात्र लीडरला मानलं पाहिजे. सगळ्यांना बसवून तो समजावतो: सह्याद्री हाही ज्वालामुखीचाच, साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. आपला लाव्हा पातळ पिठल्यासारखा. जमिनीच्या भेगांतून निघाला आणि दूरदूर पसरत गेला, थरावर थर. लॅसन पीकचा लाव्हा झुणक्याइतका घट्ट. निघाला तिथेच त्याचा ढीग झाला. हे शास्त्राला धरून आहे, आणि पोरांच्याही लक्षात राहतं, कारण तोवर भूक लागलेली असते. इतिहासात लीडर थोडा सढळ आहे. उद्यानाच्या ईशान्येला सिंडर कोन नावाची राखाडी टेकडी आहे. ती सतराव्या शतकाच्या मध्याला कधीतरी पेटली असं शास्त्रज्ञ मानतात. लीडरला नेमकं १६६६ साल हवं असतं. ‘महाराज आग्र्याहून निसटले ना, त्याच वर्षी हा फुटला,’ असं तो अशा आवाजात सांगतो, की दोन्ही घटनांमागे एकच योजना असावी.

उकळता चिखल आणि वाफा पाहायच्या तर बंपास हेलला जायचं. नकाशावर ते जूनिपर लेकपासून अंगठाभर अंतरावर दिसतं. लीडर त्यावर अंगठा ठेवूनच बेत आखायचा. मध्ये गाडीरस्ता नाही. आल्या वाटेने चेस्टरला उतरून, उद्यानाला वळसा घालून पलीकडून शिरावं लागतं. गाडीत दुसऱ्यांदा भेंड्या संपल्या की हे सर्वांना कळतं. बंपास हेलला फळ्यांच्या मार्गावरूनच चालायचं असतं, कारण खालची माती वरून टणक दिसते आणि आत पोकळ. केंडल बंपास नावाच्या माणसाचा १८६०च्या दशकात इथेच पाय आत गेला, भाजला, आणि पुढे तो कापावा लागला. ही हकीगत लीडर कठड्यावरून अर्धा बाहेर वाकून, फोन लांब धरून सांगत असतो. ‘अरे, आधी तू आत ये,’ वहिनी म्हणतात. गंधकाचा सडक्या अंड्यांचा वास सुटलेला असतो, आणि आदल्या रात्री छोले झालेले असल्यामुळे पहिली पाच मिनिटं सगळे एकमेकांकडे संशयाने पाहतात.

परतताना लीडरच्या खिशात प्युमिसचा एक हलका दगड सापडतो. टाच घासायला उत्तम. राष्ट्रीय उद्यानातून खडाही नेता येत नाही, हे त्यानेच सकाळी मुलांना सांगितलेलं असतं. दगड जागेवर ठेवला जातो, मुलांच्या देखरेखीखाली.

लीडरला खरं छळतो तो शेजारी. दरवर्षी कोणीतरी असतोच: सत्तरीचा आजोबा, एक पिटुकला तंबू, एक पातेलं, एक पुस्तक. संध्याकाळी तळ्यातलं पाणी गाळून उकळतो, काहीतरी ढवळून खातो, भांडं धुतो, नऊला झोपतो. लीडर हातात दिव्यांची माळ घेऊन त्याच्याकडे बघत राहतो. जे आपण वीस वर्षं सांगत आलो ते हा म्हातारा न सांगता करतोय, हे त्याच्या चेहऱ्यावर मला तरी स्पष्ट वाचता येतं. पण सकाळी मोहरी तडतडते, कढीपत्ता पडतो, आणि आजोबा आपला मग घेऊन आमच्या टेबलापाशी रेंगाळतात. लीडर त्यांना पोहे वाढतो, वर शेव, वर लिंबू. दुसऱ्यांदा वाढतो. मग ऐकतात ते आजोबाच, हरिश्चंद्रगडाची गोष्ट, अथपासून इतिपर्यंत.

२०२१ साली डिक्सी फायर या वणव्याने उद्यानाचा जवळपास दोन तृतीयांश भाग जाळत नेला. जूनिपर लेकशेजारच्या माउंट हार्कनेसवरची टेहळणीची जुनी चौकीही गेली. वणवे हेरण्यासाठीच ती बांधली होती. जूनिपर लेकचं कॅम्पग्राउंड पुढचे काही उन्हाळे बंद राहिलं. लीडरने शीटमध्ये ब्यूट लेक लिहिलं. तिथे शंभरावर जागा आहेत, म्हणजे त्याच्या भाषेत चाळ. तरी तो गेला, आणि सिंडर कोनच्या घसरत्या खडीवर, दोन पावलं पुढे नि एक मागे करत, बायको-मुलांच्या बऱ्याच नंतर वर पोहोचला.

लोक लीडरची टर उडवतात. मीही आत्ता तेच केलं. पण लॅपटॉपवर वाढलेल्या आमच्या पोरांनी आकाशगंगा डोळ्यांनी पाहिली ती त्याच्यामुळेच. चालत्या विमानाला त्याने शनी म्हटलं, ते सोडून द्या. अशा माणसाचं बोलावणं मोडू नये. डाळ तेवढी घरून शिजवून न्यावी, आणि निघायच्या सकाळी त्याच्याशी वाद घालू नये; तो प्रचंड तंबू पुन्हा त्याच्या इवल्याशा पिशवीत घालता येणारा घोळक्यात तो एकटाच असतो.