लसूण उन्हात टाकतेत व्हय?

"काय गं पोरी, सकाळधरनं अंगणात काय पसरायलीस?"

"लसूण हाय काकू. कालच उपटला. ऊन कडक हाय, दोन दिसांत वाळून मोकळा."

"लसूण उन्हात टाकतेत व्हय? ह्या चैताच्या उन्हात गड्डा उकडून निघतो, कुडी पिवळी पडून मऊ होती. उचल आधी. गोठ्याच्या सपरात न्हे."

"तिथं देवणी गाय बांधलीय. पात दिसली की दावं तोडंल."

"मग ओसरीत पसर. एका ओळीचे गड्डे दुसऱ्या ओळीच्या पातीखाली झाकायचे. वारं लागलं पायजे, ऊन न्हाई."

"पात कापून टाकू का? लई जागा अडवायली."

"आत्ताच? मान ओली असताना कापलीस की तिथूनच बुरशी आत शिरती. आठ-दहा दिस जाऊ दे. मान चिमटीत धरून बघायची, कुरकुरली की मग इंचभर दांडी ठेवून काप. न्हाईतर कापूच नको, पातीसकट वेणी घाल."

"तुमचे पुतणे तर म्हणत होते, अजून एक पाणी देऊन काढू, गड्डा फुगंल."

"त्याला काय कळतंय! काढायच्या दोन-तीन आठवडे आधी पाणी तोडायचं असतंय. वरल्या गल्लीतल्या त्या पाव्हण्यानं शेवटपत्तोर पाणी सोडलं, गड्डे फुटून कुड्या सुट्या झाल्या. उदगीरच्या बाजारात अडत्यानं हातात घेतला अन् हसला म्हणं."

"तेच का, 2024 ला लसूण 400 रुपये किलो झालता तवा पेटीला कुलूप लावून बसलेले?"

"तेच की! बायकोला फोडणीला कुड्या मोजून द्यायचा म्हणं. पेटीत हवा न्हाई, काय न्हाई. उघडली तर नुसती काळी भुकटी. चोर आला असता तरी नाक धरून पळाला असता."

"मग फ्रिजात ठेवू का?"

"आमच्या पुण्याच्या पोरीनं तेच केलं. हिरवे कोंब आले. घरच्या फ्रिजाएवढा गारवा लसणाला उगवायलाच बरा वाटतो. शीतगृहात पार शून्याच्या आसपास ठेवतेत, म्हणून तिथं टिकतो. आपल्याला आढ्याला टांगलेली वेणीच बरी. आमच्या सासूबाई चुलीवर टांगायच्या, धुरानं कीड लागत नव्हती. गॅस आल्यावर डोळे वाचले बाई, पण ती सोय गेली."

"अन् बेण्याला?"

"भरलेले गड्डे आत्ताच वेगळे काढ. दसरा-दिवाळीच्या सुमारास लावायच्या येळंलाच कुड्या फोडायच्या, आधी न्हाई. जांभळट दिसायलाय, कुठलं वाण गं?"

"भीमा पर्पल. राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधनवाल्यांचं."

"मग चार गड्डे माझ्या नावचे."

"चार कशाला, आठ घ्या. पण वेणी घालायला या, मला जमत न्हाई."

"येते. चहा टाक. अन् त्या पाव्हण्याची सून माहेराहून परत आली न्हाई, कळलं का तुला?"