फुगेवाला

नागपुरात कवी व्हायला वही पुरते. कथाकार व्हायला दिवाळी अंकाचा संपादक ओळखीचा लागतो आणि समीक्षक व्हायला निवृत्ती घ्यावी लागते. चित्रकथालेखकाला मात्र एक चित्रकार मित्र लागतो, आणि तो मित्र कधीही वेळेवर काम देत नाही. आमच्या फुगेवाल्याच्या साहित्यसेवेतलं सगळं कारुण्य इथून सुरू होतं.

चित्रातल्या माणसांच्या तोंडून निघणाऱ्या फुग्यांत जे लिहिलेलं असतं, ते हा लिहितो, म्हणून धरमपेठेतल्या मित्रमंडळींत तो फुगेवाला. आजवर त्याचं एकच पुस्तक निघालंय. पदरचे पैसे घालून काढलेलं, बत्तीस पानांचं, फुटाळ्याच्या भुताची गोष्ट. मुखपृष्ठावर चित्रकाराचं नाव ठळक आणि याचं खाली, किमतीला टेकून.

संमेलनाचा नाद त्याला वर्ध्याला लागला. फेब्रुवारी 2023 मध्ये तिथे 96वं अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरलं होतं. विदर्भ साहित्य संघाचं शताब्दी वर्ष, न्यायमूर्ती नरेंद्र चपळगावकर अध्यक्ष, आणि त्याच गावात विद्रोही साहित्य संमेलनाचाही मांडव. हा नागपूरहून सकाळची गाडी धरून गेला, दोन्ही मांडव पालथे घातले आणि रात्री धुळीनं माखून परतला तो साहित्यिक होऊनच. तेव्हापासून आसपास कुठेही संमेलन असलं की हा हजर. अंगात खादीचा कुर्ता, वरची दोन बटणं उघडी, आणि आतल्या टी-शर्टावरची वेताळाची कवटी बाहेर डोकावतेय. खांद्याला झोळी. झोळीत पुस्तकाच्या पाच प्रती आणि एक जादा पेन; न जाणो, एखाद्या थोरानं सही करायला मागितलं तर!

थोरांना कुठे गाठायचं याचं त्याचं शास्त्र पक्कं आहे. व्यासपीठावर त्यांना हार असतात, ग्रंथप्रदर्शनात वाचक असतात. जेवणानंतर हात धुवायच्या नळापाशी मात्र थोर लेखक एकटा असतो, त्याचे हात ओले असतात आणि रुमाल खिशातून निघत नसतो. नेमक्या त्या क्षणी हा पुस्तक पुढे करतो.

“वा, चित्रं छान काढता!”

“चित्रं मी नाही काढत, सर.”

“मग?”

“मी लिहितो.”

थोर लेखक ओल्या अंगठ्यानं पानं उलटतो. नेमकी भुताच्या पाठलागाची पानं उघडतात. सलग तीन पानं, एकही फुगा नाही.

“इथे तर काहीच लिहिलेलं नाही.”

“तेही मीच लिहिलंय, सर. की इथे कोणी काही बोलायचं नाही.”

यावर थोर लेखक त्याच्याकडे नीट बघतो, आणि मग नजर कुर्त्यातल्या कवटीवर जाते. “वेताळ! इंद्रजाल कॉमिक्स! गणिताच्या पुस्तकात लपवून वाचायचो हो आम्ही!” पुढची दोन मिनिटं साहित्यातला तो दिग्गज दहा वर्षांचा असतो. तेवढ्यात समोरून संयोजक येताना दिसतात. दिग्गज पुस्तक मिटतो, आवाज खाली आणतो आणि म्हणतो, “पण आता काहीतरी गंभीर लिहा.”

हा वार घेऊन फुगेवाला तर्री-पोह्यांच्या टपरीवर येतो आणि तिथे त्याची वाणी मोकळी सुटते. “वेताळ लिहिला ली फॉकनं. 1936 साली तो आला तेव्हा चित्रं होती रे मूरची. ॲस्टेरिक्स लिहिला गोसिनीनं, काढला उदेर्झोनं. आपला चिंटू बघा. 1991 साली ‘सकाळ’मध्ये आला तेव्हापासून दोन नावं, चारुहास पंडित आणि प्रभाकर वाडेकर. दोघं लागतात, भाऊ! लिहिणारा तो लेखकच ना?”

पोहेवाला तर्री वाढता वाढता विचारतो, “बराबर आहे. पन तुमचा दुसरा कुठी आहे?”

“लग्नसराई आहे ना बाप्पा. पत्रिकेवर गणपती काढून रायला.”

मध्यंतरी नागपुरातल्याच एका छोट्या संमेलनात त्यानं रीतसर नाव नोंदवलं. अर्जात तीनच रकाने होते: कवी, कथाकार, इतर. ‘इतर’वर खूण करू लागला तर टेबलावरच्या कार्यकर्त्यानं हात धरला. “इतरमध्ये मांडववाले आन् स्वयंपाकी आहेत, भाऊ. जेवायचं कूपन नाही भेटत. कवी लिवा.” कूपनासाठी फुगेवाला कवी झाला, आणि चार वाजता कविकट्ट्यावर त्याचं नाव पुकारलं गेलं. खिशात कविता नव्हती. होती ती पुढच्या अंकाची संहिता, चित्रकाराला द्यायची. त्यानं घाम पुसला आणि तीच वाचली.

“चौकट एक. फुटाळा तलाव. रात्र. कोणी नाही. चौकट दोन. तेच. काठावर एक चप्पल. चौकट तीन. तेच. चप्पलही नाही.”

मांडव चिडीचूप. मग पहिल्या रांगेतून “क्या बात है!” आलं. मागून “पुन्हा, पुन्हा!” सूत्रसंचालकानं ‘चौकट’ ही मध्यमवर्गीय जगण्याची प्रतिमा असल्याचं जाहीर केलं. एका निवृत्त प्राध्यापकांना चपलेत महानगरी तुटलेपण दिसलं. “सर, ही चित्रकाराला केलेली सूचना आहे,” असं तो माईकवरून सांगत होता. लोकांनी त्यालाही दाद दिली. शाल मिळाली, नारळ मिळाला, ‘नवकवी’ असं छापलेलं प्रमाणपत्र मिळालं.

प्रमाणपत्राचा फोटो त्यानं त्याच रात्री चित्रकार मित्राला पाठवला. महिनोन्‌महिने एकाही निरोपाला उत्तर न देणाऱ्या त्या माणसाचं उत्तर मिनिटभरात आलं: “बेस झालं भाऊ! कवितेला कुठी चित्र लागते? मी सुटलो.”