बिनबोटीचा नावाडी

इंग्लंडच्या कालव्यांकाठी हे गृहस्थ भेटतातच. साठी ओलांडलेली, अंगात एकही डाग नसलेला बॉयलर सूट, काखेत जाडजूड फाइल. यांनी ५७ फुटी नॅरोबोटीचा पोलादी सांगाडा पसंत केलेला असतो, कारण या लांबीची बोट तिथल्या जवळजवळ सगळ्या लॉकमधून, म्हणजे पाण्याची पातळी बदलणाऱ्या दरवाजांच्या कप्प्यांमधून, पार होते. तळाचा पत्रा १० मिलिमीटर, बाजूंचा ६, छताचा ४, हे आकडे ते न विचारता सांगतात. इंजिन बसवून, आतून बाकी मोकळा, असा सांगाडा विकत मिळतो. आता ‘फक्त’ आतलं काम करून देणारं बोटयार्ड शोधायचं राहिलंय. या ‘फक्त’मध्ये गृहस्थांची वर्षं चालली आहेत. माझं म्हणणं असं, की त्यांना यार्ड सापडायला नकोच आहे.

पुरावा म्हणून त्यांचे नकार बघा. ज्या यार्डाकडे दोन वर्षांची कामं पडून आहेत तिथे ‘एवढं कोण थांबणार?’ आणि जे उद्यापासून काम धरायला तयार आहे ते ‘रिकामं का बरं?’ ओकचं काम दाखवलं तर अंधारं वाटतं, ॲशचं दाखवलं तर दवाखान्यासारखं. लांबच्या यार्डावर लक्ष ठेवता येणार नाही. जवळचं असेल तर बायको लक्ष ठेवायला येईल. स्थळं बघत फिरणाऱ्या आणि प्रत्येक घरी पोहे खाऊन ‘कळवतो’ म्हणणाऱ्या घोडनवऱ्याचीच ही जात. त्याचं निदान पत्रिकेवर अडतं, यांचं शौचालयावर. ‘पंप-आउट की कॅसेट?’ हा यांचा पहिला प्रश्न, मधला प्रश्न आणि चहा संपल्यावरचाही प्रश्न. पंप-आउट म्हणजे बोटीतच मोठी टाकी, ती भरली की पैसे देऊन यंत्रानं उपसून घ्यायची. कॅसेट म्हणजे बैठकीखालचा डबा, तो काढून ठरलेल्या जागी स्वतः रिकामा करायचा. यार्डवाला पंप-आउट म्हणाला, की गृहस्थ थंडीत कालवा गोठल्याचं चित्र उभं करतात: बोट हलत नाही, टाकी भरत आली आहे, आता काय? कॅसेट म्हणाला, की कंबर पुढे करतात. आणि भुसा घालून खत करणाऱ्या तिसऱ्या प्रकाराचं नाव कोणी काढलंच, तर फाइल मिटून आकाशाकडे बघतात. मे महिन्याअखेरीस नॉर्थॅम्प्टनशरमधल्या क्रिक गावी बोटींचं मोठं प्रदर्शन भरतं. तिथे लोक स्वयंपाकघरं न्याहाळतात, रंगकाम वाखाणतात. आपले गृहस्थ सरळ मोरीत शिरून झाकण उचलतात.

कोणी म्हणेल, ही निव्वळ सावधगिरी आहे. या धंद्यात पैसे हप्त्याहप्त्यानं द्यायचे असतात. यार्ड मधेच बुडालं आणि प्रत्येक हप्त्यागणिक बोट व तिचं सामान आपल्या मालकीचं होत जाईल असं करारात नीट लिहिलेलं नसलं, तर अर्धवट बोट आणि भरलेले पैसे दोन्ही अडकू शकतात. हा धोका खराच आहे. पण सावध माणूस मग मालकीचं कलम विचारेल, यार्डाचा जमाखर्च चाळेल, गॅसचं काम करणाऱ्याकडे बोटींवरच्या गॅसचा परवाना आहे का ते बघेल. गृहस्थांच्या फाइलीत शौचालयावर रंगीत खुणांसकट कागदच कागद आहेत, आणि कराराचा नमुना सगळ्यात मागे, घडीसुद्धा न मोडलेला.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे, आणि तो अर्धा मला मान्य करावा लागतो. शौचालयाचा प्रश्न वेडगळ नाही. अठराव्या शतकात जेम्स ब्रिंडली या अभियंत्यानं मिडलंड्समधल्या कालव्यांचे लॉक जेमतेम सात फूट रुंद ठेवले, म्हणून बोटीही ६ फूट १० इंचांच्या. एवढ्या अरुंद वस्तूत शेगडी एका बाजूला, ओटा एका बाजूला, नाळेत पिण्याच्या पाण्याची टाकी, आणि कुठेतरी ती दुसरी टाकी. वजन चुकलं की बोट कलते, मग तक्तपोशी उचकटून खालच्या विटा आणि फरशा इकडून तिकडे सरकवाव्या लागतात. तेव्हा शौचालय कुठलं ते जमीन ठोकण्याआधीच ठरायला हवं. ‘सांगाल ते बसवू’ म्हणणाऱ्या यार्डात पाऊल ठेवू नये, हे गृहस्थांचं मत शंभर टक्के बरोबर आहे. जाणता कारागीर उलट विचारतो: थंडीत राहणार का? बांधून कुठे ठेवणार? एकटेच की दोघं? खरं तर इथे शोध संपायला हवा. पण या शेवटच्या प्रश्नाशीच गृहस्थ घड्याळ बघतात. नकाशात पलंग चार फुटी आहे, दोन उश्यांसकट काढलेला. तो आखला तेव्हा हो म्हणणारं माणूस आता नाही म्हणतं, किंवा आता विचारायलाच उरलेलं नाही. आणि दोन फुटी पलंगाचा नकाशा काढायला हात होत नाही. यापुढे मला त्यांची टिंगल जरा जपून करावी लागते.

शिवाय अव्यवहारी माणसांनीच हे कालवे वाचवलेत, हेही नाकारता येत नाही. एल. टी. सी. रोल्टनं ‘क्रेसी’ नावाची बोट बॅनबरीच्या टूलीज यार्डात राहण्याजोगी करून घेतली आणि १९३९च्या उन्हाळ्यात, युद्ध तोंडावर असताना, बायकोसह तो निघाला. त्या प्रवासावरचं ‘नॅरो बोट’ हे त्याचं पुस्तक १९४४ साली आलं आणि १९४६ साली रॉबर्ट ऐकमनबरोबर त्यानं कालवे टिकवण्यासाठी संघटना उभी केली. पुढे स्ट्रॅटफर्ड कालव्याचा दक्षिण भाग १९६४ साली, केनेट अँड एव्हन १९९० साली पुन्हा सुरू झाला, तो सुट्टीच्या दिवशी गाळ उपसणाऱ्या हौशी मंडळींच्या हट्टापायी. त्यांतल्या कित्येकांच्या घरी अशीच एखादी फाइल असणार, याबद्दल मला शंका नाही.

मात्र लंडनमधल्या कालव्यांवर गृहस्थांची बाजू घेणं मला जमत नाही. तिथे भाडं परवडत नाही म्हणून बोटीत राहणारी माणसं आहेत. कायमचा धक्का नसेल तर एका जागी सलग १४ दिवसांहून जास्त थांबायचं नाही, असा नियम. तो पाळत ती नोकरी करतात, पोरांना शाळेत पोचवतात. जुनी बोट घेताना त्यांनी यार्ड शोधलेलं नसतं, आणि शौचालय आधीच्या मालकानं बसवलेलं असेल ते. छतावर सायकल, सरपण, कोळशाची पोती, रंगाचे पोपडे. त्यांच्याकडे बघून आपले गृहस्थ फाइल सावरतात आणि म्हणतात, असल्या लोकांनी कालव्याची रया घालवली. मग रात्री मुक्कामाला चार खोल्यांच्या घरी जातात.