फटफटीला नवी नंबर प्लेट: एमएच ३८ वाल्यांसाठी पहिले धडे

आधी मुदतीचा अभ्यास करा. १ एप्रिल २०१९ पूर्वी नोंदणी झालेल्या प्रत्येक गाडीला ‘एचएसआरपी’, म्हणजे उच्च सुरक्षा नोंदणी पाटी, बसवायची, असं शासनानं सांगितलं आणि तारीख दिली ३१ मार्च २०२५. नवखा माणूस तारीख ऐकून घाबरतो. मुरलेला विचारतो, ‘वाढणार कधी?’ वाढलीच. ३० एप्रिल झाली, ३० जून झाली, १५ ऑगस्ट, ३० नोव्हेंबर आणि मग ३१ डिसेंबर. वसमतकडच्या शेतकऱ्यानं मार्चात हळद शिजवली, जूनमध्ये बेणं लावलं, डिसेंबरात पाला पिवळा पडायला लागला, तरी फटफटीवर प्लेट जुनीच. घाई करणाऱ्याला मात्र एक फायदा झाला: पारावर बसून बाकीच्यांना सल्ला देता आला.

आता वस्तू ओळखा. हिला डिजिटल प्लेट म्हणणारे भेटतील. मान डोलवा, वाद घालू नका. ही ॲल्युमिनियमची पट्टी आहे. डावीकडे वर अशोकचक्राचा चकाकणारा होलोग्राम, त्याखाली निळ्या अक्षरांत आयएनडी, खालच्या कोपऱ्यात लेझरनं कोरलेला दहा अंकी क्रमांक. अक्षरांवर तिरकं ‘इंडिया’ उमटलेलं असतं. उन्हात धरून बघा, दिसतं. खरी डिजिटल प्लेट अमेरिकेत, कॅलिफोर्नियात, २०१८ मध्ये चाचणीला निघाली. तिला पडदा असतो आणि त्यावरचा काही मजकूर मोबाइलवरून बदलता येतो. ती आपल्याकडे आली नाही हे बरंच झालं. औंढ्याच्या चौकात पोहोचेपर्यंत निम्म्या गाड्यांवर नंबराच्या जागी ‘भावी सरपंचांना वाढदिवसाच्या हार्दिक शुभेच्छा’ झळकलं असतं.

यानंतर त्याग. हा धडा सगळ्यात अवघड आहे, वेळ घ्या. इंग्रजी आकड्यांतला ४१४१ असा वाकवायचा की ‘दादा’ वाचावं, २१४ चा ‘राम’ करायचा, ८०५५ मधून ‘बॉस’ काढायचा, ही आपली रेडियमवाल्याच्या टपरीवर वाढलेली कला. नंबर लहान, त्यावर ‘आई-बाबांचा आशीर्वाद’ मोठा. १९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांनी अक्षरं इंग्रजी आणि अंक साधे ठेवायला सांगितलं होतं, पण नियम कागदावर आणि रेडियम गाडीवर, असं बिनबोभाट चाललं होतं. आता दादाचा ४१४१ आणि शेजाऱ्याचा ४१४२ एकाच ठशाचे दिसतील. चौकात तुम्हाला दादा म्हणून ओळखायला आता माणसंच लागतील. मला विचाराल तर या योजनेतला खरा कडकपणा होलोग्रामात नाही, इथे आहे.

मग बुकिंग. परिवहन विभागाच्या संकेतस्थळावरूनच आत जा. त्याच्यासारख्या दिसणाऱ्या बनावट साइट पैसे घेऊन गायब होतात. पुतण्याला बसवा, पण आरसी स्वतःच्या हातात धरा. तिथे चेसिस नंबराचे आणि इंजिन नंबराचे शेवटचे पाच अंक मागतात. आरसीचा कागद खिशात घामानं गळून गेला असेल तर चेसिस नंबर गाडीवरच शोधावा लागतो: हँडलच्या खाली, चौकटीच्या नळीवर. चिंधी रॉकेलमध्ये भिजवून पाच-सात वर्षांचा चिखल अन् ग्रीस पुसा, मान वाकडी करा, मोबाइलची बॅटरी लावा. तीन आहे की आठ, यावर घरात दोन पक्ष पडतील. अशा वेळी बायकोचं ऐका, तिची नजर चांगली असते.

दर लक्षात ठेवा: दुचाकी आणि ट्रॅक्टर ४५० रुपये, तीनचाकी ५००, चारचाकी ७४५, वर जीएसटी. ट्रॅक्टरला आणि फटफटीला एकच भाव, हा या व्यवहारातला शेतकऱ्याला मिळालेला दुर्मीळ न्याय.

एक पोटधडा जुन्या मंडळींसाठी. हिंगोली जिल्हा झाला १ मे १९९९ ला. त्याआधी घेतलेल्या गाडीवर एमएच २२ असतो, म्हणजे परभणी. नव्या प्लेटनं ती एमएच ३८, म्हणजे हिंगोलीची, होणार नाही. प्लेट बदलते, नंबर तोच. आजोबांना हे आधीच सांगा. केंद्रावर सांगितलं तर ते तिथल्या पोराशी जिल्हा विभाजनावर बोलत बसतात आणि मागची रांग कळमनुरीपर्यंत जाते.

केंद्रावर गाडी घेऊन जायचं असतं, हे निक्षून सांगतो. प्लेट पिशवीत घालून द्या, घरी पाना आहे, असं म्हणू नका. ती स्नॅप लॉकनं बसवतात. एकदा बसली की तोडल्याशिवाय निघत नाही. चारचाकीच्या काचेवर एक स्टिकरही येतं, पेट्रोल-सीएनजीला फिकट निळं, डिझेलला नारिंगी. ते कापसाच्या पोत्याआड लपवू नका.

प्लेट नसेल तर गाडी नावावर करणं, पत्ता बदलणं, कर्जाचा बोजा उतरवणं ही आरटीओतली कामं अडतात. भाचा तुमची फटफटी मागत असेल आणि नाही म्हणायला जीभ रेटत नसेल, तर एवढं कारण पुरेल: ‘बाबा रे, अजून प्लेट बसली नाही.’ हे कारण जपून वापरा. मुदत संपली की तो विचारेल, बसवली का नाही.